अव्वल वर्ग आणि गळती

पुण्या-मुंबईच्या, आणि अलीकडे नाशिक-नागपूरच्याही, सुस्थित घरांतून मुलामुलींना कायद्याच्या शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्याचा विचार जेव्हा निघतो, तेव्हा शहर कोणते, खर्च किती आणि थंडी सोसवेल की नाही या प्रश्नांचा निकाल लागल्यावर अखेर घरातल्या मंडळींच्या हाती एक तक्ता येतो: अमुक विद्यापीठात कायदा शिकणाऱ्यांपैकी शेकडा इतके दुसऱ्या वर्षात गेले, शेकडा इतक्यांना पदवीत वरचा वर्ग मिळाला, आणि पदवीनंतर शेकडा इतके मानाच्या नोकरीस लागले. इंग्लंडात कायद्याची पदवी देणाऱ्या संस्था शंभराहून अधिक आहेत आणि त्यांतील बहुतेकींना विद्यार्थ्यांची गरज आहे. त्यामुळे ज्या रकान्यात आपला आकडा देखणा दिसतो तो माहितीपत्रकाच्या दर्शनी पानावर छापावा आणि जो दिसत नाही तो आतल्या पानावर राहू द्यावा, हा शिरस्ता तेथेही पडून गेला आहे. आकडे बहुधा खरेच असतात. मात्र ते किती जणांमधून काढले, त्यांतून कोणाला वगळले, आणि ज्यांची टक्केवारी सांगितली ते मुळात कोण होते, याचा खुलासा तक्त्याच्या अंगावर कोठे लिहिलेला नसतो. आणि असलाच, तर चष्मा पुसून वाचाव्या लागणाऱ्या तळटीपेत असतो.

या तक्त्याला इतके महत्त्व कसे आले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे शतकानुशतके कायदा शिकविला जात असे, पण तो रोमन कायदा. इंग्लंडच्या न्यायालयांत रोज चालणारा देशी कायदा शिकायचा तो लंडनच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’ या वकिलांच्या जुन्या संस्थांत, ज्येष्ठांच्या सहवासात आणि त्यांच्या पंक्तीला बसून. १७५८ साली व्हायनर यांच्या देणगीतून ऑक्सफर्डला इंग्रजी कायद्याचे अध्यासन निर्माण झाले आणि विल्यम ब्लॅकस्टन त्याचे पहिले प्राध्यापक झाले, तेव्हा कोठे या विषयाला विद्यापीठात पाट मिळाला. तरीही त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे वकिली करण्यासाठी कायद्याची पदवी आवश्यक अशी नव्हतीच. गांधीजी बॅरिस्टर झाले ते ‘इनर टेंपल’मध्ये नेमलेली सत्रे भरून, नेमलेली भोजने घेऊन आणि परीक्षा देऊन, विद्यापीठाच्या पदवीवाचून. १९७१ साली ऑर्मरॉड समितीच्या अहवालाने कायद्याचा व्यवसाय यापुढे सामान्यतः पदवीधरांचा असावा ही दिशा घालून दिली, आणि मग हळूहळू असा दिवस आला की लंडनच्या मोठ्या सॉलिसिटर कंपन्या उमेदवाराचा अर्ज उघडताच प्रथम त्याच्या पदवीचा वर्ग पाहू लागल्या. वर्ग खालचा, की अर्ज बाजूला. जी गोष्ट पूर्वी एका ज्येष्ठाच्या शिफारसपत्राने होत असे, ती आता एका आकड्याने होऊ लागली. आणि विद्यार्थ्याची पारख आकड्याने होऊ लागल्यावर त्याच्या विद्यापीठाचीही तशीच होणार हे ओघानेच आले.

हा वर्ग ठरतो कसा, हे मराठी वाचकाने नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या गुणपत्रिकांच्या सवयीने पाहिले तर तेथील गुण पाहून गोंधळच उडावयाचा. सत्तर किंवा त्याहून अधिक गुण मिळाले की प्रथम वर्ग. साठ ते सत्तरच्या दरम्यान उच्च द्वितीय. पन्नास ते साठच्या दरम्यान कनिष्ठ द्वितीय. आणि चाळिसाच्या पुढे पन्नासच्या आत तृतीय. कायद्याच्या उत्तरपत्रिकेला ऐंशी गुण पडणे ही तेथे दुर्मीळ घटना आहे, आणि दहावीला पंच्याण्णव टक्के घेऊन गेलेली मुलगी घरी फोन करून आपल्याला चौसष्ट गुण पडल्याचे आनंदाने सांगते, तेव्हा आईवडिलांनी काळजी करण्याचे काही कारण नसते. उच्च द्वितीय आणि प्रथम हे दोन वर्ग मिळून ‘चांगली पदवी’ असा तेथला व्यवहारातला संकेत आहे, आणि माहितीपत्रकातली टक्केवारी बहुधा या दोहोंच्या बेरजेची असते.

येथवर सगळे सरळ दिसते. परंतु तीन वर्षांत दिलेल्या वीस-बावीस परीक्षांच्या गुणांतून तो एक वर्ग काढण्याची रीत प्रत्येक विद्यापीठाची आपापली आहे. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाचे गुण केवळ पुढे जाण्यापुरते पाहतात आणि वर्ग ठरविताना ते सोडून देतात. मग उरलेल्या दोन वर्षांना कोठे समसमान वजन असते, कोठे दुसऱ्या वर्षाला चाळीस व तिसऱ्याला साठ, कोठे एकास दोन. दुसऱ्या वर्षी सरासरी छप्पन्न आणि तिसऱ्या वर्षी त्रेसष्ट गुण मिळविणारा एक विद्यार्थी घ्या. समसमान वजन देणाऱ्या विद्यापीठात त्याची सरासरी साडेएकोणसाठ भरेल, आणि सीमारेषेवरच्यांना वर ओढण्याचा नियम तेथे नसेल तर तो कनिष्ठ द्वितीय वर्गात जाईल. चाळीस-साठाच्या विद्यापीठात त्याचे साठ पूर्णांक दोन दशांश होऊन तो उच्च द्वितीय ठरेल, आणि एकास दोन वजन देणाऱ्या विद्यापीठात तर त्याहूनही थोडा पुढे जाईल. मुलगा तोच, गुण तेच. काही विद्यापीठे सर्वांत कमी गुणांचा एखादा विषय हिशेबातून वगळू देतात, काही देत नाहीत. ऑक्सफर्डला पहिल्या वर्षातील परीक्षेचा पदवीच्या वर्गाशी संबंध नसतो आणि सारा भार अखेरच्या परीक्षेवर पडतो. केंब्रिजला प्रत्येक वर्षाच्या परीक्षेला स्वतंत्र वर्ग देण्याची जुनी परंपरा आहे. शंभर विद्यापीठांच्या वर्गांची टक्केवारी एका उभ्या रकान्यात मांडली म्हणजे हे सारे निरनिराळे हिशेब एकाच मापाने केलेले असल्याचा जो भास होतो, तो या तक्त्यांचा पहिला दोष होय.

या विषमतेवर इंग्रजांनी उपाय योजला नाही असे मात्र नाही. बाहेरचा परीक्षक ही त्यांची जुनी आणि माझ्या मते आदरणीय संस्था आहे: प्रत्येक विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका आणि निवडक उत्तरपत्रिका दुसऱ्या विद्यापीठातील अध्यापकाने पाहाव्यात आणि तेथील साठ म्हणजे इतरत्रचेही साठच आहेत ना याची ग्वाही द्यावी. पण ही व्यवस्था एकेका उत्तरपत्रिकेचा न्याय पाहते. गुणांतून वर्ग काढण्याच्या गणितापर्यंत तिचा हात क्वचितच पोहोचतो. शिवाय काळाच्या ओघात सगळीकडचीच पातळी एकदम सरकत असेल, तर शेजाऱ्याच्या मापाने माप तपासणाऱ्यास ती सरकल्याचे कळावे कसे? सर्व विषय मिळून पाहता, इंग्लंडात प्रथम वर्ग मिळविणाऱ्यांचे प्रमाण २०१०-११ साली शेकडा सोळाच्या आत होते. ते २०२०-२१ साली शेकडा अडतीसच्या घरात गेले. महामारीच्या काळात परीक्षा घरी बसून झाल्या, आणि विद्यार्थ्याचे नुकसान होऊ नये म्हणून आधीच्या कामगिरीच्या खाली त्याचा वर्ग जाऊ द्यावयाचा नाही असे नियम अनेक ठिकाणी करण्यात आले, त्याचा वाटा या वाढीत आहे. त्यानंतर प्रमाण पुन्हा तिसाच्या आसपास उतरले आहे. परंतु वाढीचा मोठा भाग महामारीच्या आधीचा आहे, आणि तो काळ असा की विद्यार्थ्यांची फी तिप्पट झाली, प्रवेशसंख्येवरील मर्यादा उठली आणि विद्यापीठे एकमेकांशी उघड स्पर्धा करू लागली. मुले हुशार झाली, शिकविणे सुधारले, की परीक्षकांचा हात सैल झाला, याविषयी तेथे पुष्कळ वाद झाला आहे. तिन्ही कारणे थोडीथोडी खरी असावीत, पण दहा वर्षांत एखाद्या देशाची बुद्धिमत्ता दुपटीहून अधिक वाढते यावर विश्वास ठेवण्याइतका मी भाबडा नाही.

आता दुसऱ्या रकान्याकडे, म्हणजे विद्यार्थी टिकण्याकडे आणि पुढे सरकण्याकडे वळू. २०१८ साली इंग्लंडात ‘ऑफिस फॉर स्टुडंट्स’ ही नियामक संस्था अस्तित्वात आली आणि तिने विद्यार्थ्याच्या प्रवासाचे तीन टप्पे मोजण्यास आरंभ केला. प्रवेश घेतल्यानंतर साधारण एका वर्षाने तो शिकतो आहे की नाही, हा पहिला. साधारण चार वर्षांनी त्याने पदवी घेतली किंवा निदान तो अद्याप शिकतो आहे की नाही, हा दुसरा. आणि पदवीनंतर पंधरा महिन्यांनी तो व्यावसायिक दर्जाच्या नोकरीत वा पुढील शिक्षणात आहे की नाही, हा तिसरा. पूर्ण वेळ पदवी शिकणाऱ्यांच्या बाबतीत या तीन टप्प्यांसाठी शेकडा ऐंशी, पंचाहत्तर आणि साठ अशा किमान मर्यादा २०२२ साली घालून देण्यात आल्या. एखाद्या अभ्यासक्रमाचा आकडा याखाली गेला तर नियामकाची चौकशी मागे लागू शकते. म्हणजे विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी शिक्षण सोडणे ही आता त्याच्या घरची खाजगी बाब न राहता विद्यापीठाच्या दप्तरी जोखीम म्हणून नोंदली जाऊ लागली.

कायद्याचे पहिले वर्ष कोठेही कठीणच. करार, फौजदारी कायदा, राज्यघटना आणि शासनाचा कायदा हे विषय बहुधा आरंभीच येतात. शेकडो निवाडे वाचावयाचे असतात, आणि शाळेत पाठांतराने यश मिळविलेल्या मुलास प्रथमच असा प्रश्न पडतो की ज्याचे उत्तर दोन्ही बाजूंनी देता येते आणि गुण मात्र युक्तिवादाला असतात. जो विषय अडतो त्याची फेरपरीक्षा मिळते, पण तीत कितीही चांगले लिहिले तरी गुण बहुधा चाळीसच धरले जातात. काही विद्यापीठे एखादा विषय बाकी ठेवून पुढच्या वर्षात जाऊ देतात, म्हणजे आपल्याकडील एटीकेटीचेच विलायती रूप, आणि काही वर्ष पुन्हा करावयास लावतात. एखाद्याला कायदा रुचला नाही आणि तो त्याच विद्यापीठात इतिहासाकडे वळला, तर विद्यापीठाच्या एकंदर हिशेबात तो ‘टिकलेला’च राहतो, कायद्याच्या वर्गातील त्याची खुर्ची मात्र रिकामी होते. हे नियम जेथे सैल तेथे टिकण्याचा आकडा वर जातो, जेथे कडक तेथे खाली येतो, आणि या चढउताराचा शिकविण्याच्या प्रतीशी काही संबंध असेलच असे नाही.

या दोन रकान्यांना निरनिराळे वाचण्याने जी फसगत होते, तिचा हिशेब एकदा मांडूनच पाहिला पाहिजे. दोन कल्पित विद्यापीठे घेऊ आणि दोहोंत कायद्याच्या पहिल्या वर्षाला दोनशे विद्यार्थी आले असे समजू. पहिल्यात त्यांपैकी एकशे नव्वद जण पदवीपर्यंत पोहोचतात आणि एकशे तेहतीस जणांना चांगला वर्ग मिळतो. माहितीपत्रकात छापावयास शेकडा सत्तर. दुसऱ्यात पहिल्या वर्षीच चाळणी बारीक. साठ जण गळतात, एकशे चाळीस उरतात आणि त्यांतल्या एकशे पाच जणांना चांगला वर्ग मिळतो. माहितीपत्रकात छापावयास शेकडा पंचाहत्तर. वर्गाचा रकाना पाहणारा पालक दुसऱ्या विद्यापीठाला श्रेष्ठ ठरवील. पण प्रवेशाच्या दिवशी दाराशी उभ्या असलेल्या मुलाच्या दृष्टीने पाहिले तर पहिल्या विद्यापीठात त्याच्यासारख्या दोनशेंपैकी एकशे तेहतीस जणांनी मनासारखी पदवी मिळविली आणि दुसऱ्यात केवळ एकशे पाच जणांनी. शेकडा साडेसहासष्ट आणि शेकडा साडेबावन्न. गळालेले साठ जण दुसऱ्या तक्त्यात कोठेच नाहीत. जेवण कसे झाले हे पंगतीत शेवटपर्यंत बसलेल्यांनाच विचारावे आणि अर्ध्यावरून उठून गेलेल्यांची पाने मोजूच नयेत, असा हा प्रकार आहे. उलट बाजूनेही तितकीच लबाडी संभवते: कोणालाही न गाळता, सर्वांना हळूहळू ढकलत अखेरपर्यंत नेणारे विद्यापीठ टिकण्याच्या रकान्यात झळकेल आणि त्याच्या पदवीधरांची खरी परीक्षा बाहेरच्या जगात होईल. म्हणून वर्गाचा आकडा टिकण्याच्या आकड्याने गुणून पाहिल्याखेरीज त्यावर विश्वास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हा गुणाकार करण्यास चौथीतले गणित पुरते. तरीही तो छापील तक्त्यांत क्वचितच केलेला आढळतो.

गुणाकार केल्यावरही एक मोठी गोष्ट शिल्लक राहते, ती म्हणजे आत येणारे विद्यार्थी कोण. २००४ पासून ऑक्सफर्डसह काही निवडक विद्यापीठांनी कायद्याच्या प्रवेशासाठी ‘एलनॅट’ ही स्वतंत्र चाचणी सुरू केली, आणि शालान्त परीक्षेतील उत्कृष्ट गुणांखेरीज तेथे अर्ज करण्यात अर्थ नसतो. अशा विद्यापीठातील मुले टिकली आणि त्यांना वरचे वर्ग मिळाले, तर त्यात विद्यापीठाचे कर्तृत्व किती आणि निवडीचे किती? दुसऱ्या बाजूला १९९२ च्या कायद्यानंतर विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या जुन्या पॉलिटेक्निक संस्था आहेत. त्यांच्या कायद्याच्या वर्गांत घरूनच ये-जा करणारी, दुकानात पाळी सांभाळून शिकणारी, कुटुंबातून प्रथमच विद्यापीठाची पायरी चढणारी मुले मोठ्या संख्येने असतात, आणि तिशी-चाळिशीत शिकावयास आलेली माणसेही असतात. त्यांच्यापैकी कोणी आईच्या आजारपणामुळे वर्ष सोडले तर त्याची नोंद त्या अभ्यासक्रमाच्या खात्यावर पडते.

याचे भान नियामकास आहे. म्हणून प्रत्येक संस्थेच्या प्रत्यक्ष आकड्याशेजारी एक ‘अपेक्षित’ आकडा मांडण्याची पद्धत आहे: त्या संस्थेत जशी मुले येतात तशीच मुले देशभरातील संस्थांत सरासरीने कशी तग धरतात, याचा तो हिशेब. प्रत्यक्ष आकडा अपेक्षिताच्या वर असेल तर संस्थेने काही तरी केले असे मानावे. ही युक्ती चांगली आहे आणि सामान्य पालकाने नुसत्या क्रमवारीपेक्षा हा फरक पाहावा. मात्र तिच्यातही एक पेच आहे. इंग्लंडात श्वेतवर्णीय आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या ‘चांगल्या पदव्यां’च्या प्रमाणात वर्षानुवर्षे शेकडा वीसच्या आसपास तफावत राहिली आहे, आणि प्रवेशाच्या वेळचे गुण समान असले तरी ती पुरती नाहीशी होत नाही. अपेक्षित आकडा काढताना विद्यार्थ्याचा वंशही जमेस धरला, तर हा सारा अन्याय ‘अपेक्षित’ या शब्दाच्या पोटात गडप होतो. आणि न धरला, तर अशा विद्यार्थ्यांना दार उघडणाऱ्या संस्थाच नापास ठरतात. या पेचातून सुटण्याची वाट संख्याशास्त्राजवळ नाही.

माणसांचे आयुष्य या रकान्यांत किती वेडेवाकडे बसते, याचे दोन दाखले आपल्याच इतिहासात आहेत. १८६६ साली नाशिकास जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या आणि विशेष परवानगी मिळवून १८९२ साली त्यांनी तेथील कायद्याची बी.सी.एल. ही परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. परंतु ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नसे. तो नियम १९२० साली बदलला आणि सोराबजींच्या हाती पदवी पडली ती १९२२ साली, परीक्षेनंतर तीस वर्षांनी. आजच्या चार वर्षांच्या फूटपट्टीने मोजले असते, तर ऑक्सफर्डच्या तक्त्यात त्या ‘शिक्षण अपूर्ण’ या बाजूस पडल्या असत्या. दुसरा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. १९१६ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ‘ग्रेज इन’मध्ये नाव घातले, बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना सर्व अर्धवट टाकून परतावे लागले, आणि १९२० साली, मुंबईत नोकरी करून पैसे जमवून, ते पुन्हा गेले व दोन्हीकडचे काम पुरे करून आले. एका वर्षानंतर हजेरी घेणारा कारकून १९१७ च्या अखेरीस त्यांच्या नावापुढे काय लिहिता? त्यांना परत येण्यास चार वर्षांची मुभा देण्याचे औदार्य लंडन विद्यापीठाने दाखविले होते. आज एखादा अभ्यासक्रम असे औदार्य दाखवू लागला तर त्याचा आकडा घसरतो, ही गोष्ट या मोजमापाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. सावकाश शिकणाऱ्यांचे तर खातेच निराळे हवे. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून बाहेरून परीक्षा देणाऱ्यांना पदवीचे दार उघडले, आणि नेल्सन मंडेलांनी तुरुंगातून ज्या एलएल.बी.चा अभ्यास चालविला ती याच विद्यापीठाची; असल्या अभ्यासक्रमांची पूर्ण वेळच्या वर्गांशी तुलना करणे म्हणजे शुद्ध अडाणीपणा होय.

तिसरा रकाना, म्हणजे नोकरीचा, कायद्याच्या बाबतीत विशेष फसवा आहे. पदवीनंतर पंधरा महिन्यांनी विद्यार्थ्याला गाठून तो काय करतो हे विचारले जाते; पण वकिलीच्या पेशात पंधरा महिने म्हणजे उंबरठाच. सॉलिसिटर होऊ पाहणाऱ्याला दोन वर्षांची उमेदवारी करावी लागते, बॅरिस्टरला ज्येष्ठाच्या हाताखाली एक वर्ष काढण्याची संधी मिळेपर्यंत कित्येकदा दोनतीन वर्षे वाट पाहावी लागते. मधल्या काळात असंख्य पदवीधर ‘पॅरालीगल’ म्हणून काम करतात: कागदपत्रे लावणे, मसुदे तपासणे, अशिलांची पत्रे हाताळणे. सरकारी वर्गीकरणात हे काम व्यावसायिक दर्जाच्या नोकऱ्यांत बसते; तेव्हा लंडनच्या बड्या कंपनीत रीतसर उमेदवारी मिळालेली मुलगी आणि गावाकडच्या एखाद्या कचेरीत तुटपुंज्या पगारावर फाइली लावणारा तिचा वर्गबंधू हे दोघेही एकाच टक्केवारीत सुखाने नांदतात. लहान वर्गांचे आकडे तर आणखी जपून वाचावे लागतात. चाळीस जणांच्या वर्गात एक मुलगा कमी-अधिक झाला की आकडा अडीच टक्क्यांनी हलतो, म्हणून दोनतीन वर्षांची बेरीज करून ते प्रसिद्ध होतात. मग आपण वाचतो ती कामगिरी चार-पाच वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्यांची असते, आणि तेव्हाचे अध्यापक तोवर दुसरीकडे गेलेले असतात.

विद्यापीठांच्या या घरच्या मापांना बाहेरचे एक माप अलीकडे मिळाले आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर होण्यासाठी २०२१ पासून ‘एसक्यूई’ ही सर्वांना समान अशी केंद्रीय परीक्षा सुरू झाली. तिच्या पहिल्या भागात दोन प्रश्नपत्रिका मिळून ३६० बहुपर्यायी प्रश्न असतात, आणि नोव्हेंबर २०२१ मधील पहिल्याच फेरीत उत्तीर्णांचे प्रमाण शेकडा ५३ भरले. ज्या देशात दहापैकी आठांना ‘चांगली पदवी’ मिळू लागली होती तेथे हा आकडा जड गेला यात नवल नाही. एकाच प्रश्नपत्रिकेला सर्व विद्यापीठांचे पदवीधर बसतात, तेव्हा एकाचे साठ आणि दुसऱ्याचे साठ यांतील अंतर झाकून ठेवणे कठीण होते. मात्र या परीक्षेलाही फार डोक्यावर घेऊ नये. करारातील एखाद्या वादग्रस्त तत्त्वावर चार पाने विचारपूर्वक लिहिणे आणि पाच पर्यायांतून एक निवडणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत. शिवाय तिला बसणाऱ्यांत कायद्याखेरीज अन्य विषयांचे पदवीधरही असतात, आणि महागडी शिकवणी लावण्याची ऐपत सर्वांची सारखी नसते. विद्यापीठांनी या परीक्षेसाठीच शिकवावयास सुरुवात केली तर ब्लॅकस्टन यांच्या अध्यासनापासून चालत आलेली परंपरा शिकवणीच्या वर्गात जाऊन बसेल, ही भीती तेथील अध्यापक बोलून दाखवितात, आणि ती निराधार नाही.

इंग्लंडहून पदवी घेऊन परतणाऱ्या मराठी मुलास आणखी एक दार ओलांडावे लागते. भारतीय विधिज्ञ परिषदेने ती पदवी मान्य केलेली असली पाहिजे आणि परदेशी पदवीधरांसाठी असलेली तिची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावाचून त्याला येथील सनद मिळत नाही. तक्त्यातील प्रथम वर्गाचा रकाना याविषयी मौन पाळतो. जो मुलगा येथेच वकिली करणार आहे त्याच्या घरच्यांनी विद्यापीठाची क्रमवारी पाहण्याआधी ही मान्यता आणि अभ्यासक्रमाची वर्षे तपासावीत.

आणि ज्यांना मुलांना इतक्या दूर धाडावयाचे नाही, त्यांनाही ही वाचनाची रीत घरच्या घरी वापरता येते. आपल्या केंद्र सरकारच्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत २०१८ पासून कायद्याच्या संस्थांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि त्यात भाग घेणाऱ्या संस्थांनी भरलेले तपशील त्यांच्या संकेतस्थळांवर पाहावयास मिळतात. क्रमांक वाचून थांबू नये. तो तक्ता उघडावा. एका ओळीत अमुक वर्षी पहिल्या वर्षाला किती जण दाखल झाले हे असते, पुढे ठरलेल्या मुदतीत किती जण पदवी घेऊन बाहेर पडले हे असते, मग किती जणांना नोकरी मिळाली, किती जण पुढे शिकावयास गेले, असे रकाने येतात. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रवेशाचे वर्ष पदवीच्या वर्षाच्या पाच वर्षे मागचे असते, एवढे ध्यानात ठेवून दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागावे. नोकरीच्या आकड्याला मात्र पदवी घेतलेल्यांच्या संख्येने भागून थांबू नये. त्यालाही पहिल्या दिवशी वर्गात बसलेल्यांच्याच संख्येने भागावे, आणि जो भागाकार येईल तो संस्थेच्या प्रवेश-कचेरीत समोर ठेवून मधली मुले कोठे गेली असे विचारावे.